अरुंद पुलावर पहिला हक्क कोणाचा?

भंडारा जिल्ह्यातील वरठी हे गाव रेल्वेच्या वेळापत्रकात ‘भंडारा रोड’ या नावाने नोंदलेले आहे. एका अंगास हावडा-मुंबई लोहमार्ग, दुसऱ्या अंगास पोलादाचा कारखाना, मधून भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणारी सडक आणि सभोवार धानाच्या बांध्या, अशी या गावाची ठेवण असल्यामुळे लोखंडाने लादलेला ट्रेलर, एस.टी.ची बस, धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली आणि शाळेतून परतणाऱ्या मुलींच्या सायकली यांचा येथे नित्य समागम घडतो. रुंद सडकेवर ही सारी मंडळी आपापल्या बाजूने निभावून नेतात. परंतु ती सडक सोडून कोणत्याही खेड्याकडे वळावे आणि नाल्यावरचा रपटा किंवा तलावाच्या पाळीवरचा रस्ता लागावा, की तेथे आधी कोणी जावे हा प्रश्न उभा राहतो. आज हा प्रश्न आपण वाहनाच्या आकारमानावर आणि चालकाच्या मग्रुरीवर सोपवून दिला आहे. तो नियमावर सोपवला पाहिजे, आणि तो नियम चिन्हाच्या रूपाने पुलाच्या तोंडाशीच उभा असला पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

प्रथम मोजमाप पाहू. एकेरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारणतः 3.75 मीटर धरली जाते, आणि वर्दळ कमी असेल तेथे ग्रामीण रस्ता 3 मीटरांचाही बांधला जातो. उलटपक्षी, बस किंवा ट्रक 2.6 मीटरपर्यंत रुंद असू शकतो. म्हणजे अशी दोन वाहने शेजारी उभी केली तर, मध्ये बोटभर अंतर न ठेवताही, 5.2 मीटर जागा लागते. अर्थात कोणाला तरी चाक साइडपट्टीवर उतरवावेच लागते, आणि पावसाळ्यात ती साइडपट्टी भिजून मऊ झालेली असते. पाळीवर तर एका बाजूस तलावाचे पाणी व दुसऱ्या बाजूस खोलात बांध्या असल्याने उतरायला साइडपट्टीही नसते. अशा जागी बस आणि धानाची ट्रॉली समोरासमोर आली म्हणजे काय घडते, हे या भागातील प्रत्येकाने पाहिले आहे. दोघेही अर्ध्यावर येऊन थांबतात, दोघांच्या मागे दुचाकी साचतात आणि ‘मागं घे ना गा’ अशी हाकाटी सुरू होते. ट्रॅक्टरवाल्याने मागे घ्यायचे म्हटले तरी ट्रॉली केवळ एका खिळीवर जोडलेली असल्याने ती मागे रेटताना आडवी वळते आणि तिचे चाक काठावर जाते. बसचालकाला मागचे दिसत नाही म्हणून वाहक खाली उतरून शिटी वाजवीत राहतो. दोघांपैकी एकाने पाळीच्या तोंडाशीच थांबण्याची तसदी घेतली असती, तर यांपैकी काहीही घडले नसते.

त्याने थांबावे हे त्याला कसे कळावे? आपल्याकडे या कामी डिपर मारण्याचा प्रघात आहे. पण एक चालक डिपर मारून ‘मी आलो, तू थांब’ असे बजावतो, तर दुसरा तोच डिपर मारून ‘तू ये, मी थांबलो’ असे सुचवतो. ज्या खुणेचे दोन परस्परविरुद्ध अर्थ होतात, तिच्या भरवशावर माणसाचा जीव टाकणे शहाणपणाचे नव्हे.

कायदा या बाबतीत अगदीच मुका आहे असे नाही. 1989च्या केंद्रीय नियमावलीने घाटात किंवा चढावर रस्ता अपुरा असेल तेथे उतरणाऱ्या वाहनाने बाजूस थांबून चढणाऱ्यास प्रथम जाऊ द्यावे, असा शिरस्ता घालून दिला. चढावर थांबलेले ओझ्याचे वाहन पुन्हा हलवणे दुष्कर असते, हे त्यामागचे कारण आहे. म्हणजे ज्याला थांबणे अधिक अवघड, त्याला वाट आधी, असे न्यायाचे तत्त्व त्यात आहे. परंतु आमच्या धानपट्टीच्या सपाट मुलखातील रपट्यावर चढ नाही आणि उतार नाही, त्यामुळे त्या नियमाचा आधार येथे मिळत नाही. तेथे चिन्हानेच बोलले पाहिजे.

आणि चिन्हे अस्तित्वात आहेत. 1968 साली व्हिएन्ना येथे रस्त्यावरील चिन्हांसंबंधी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि ज्यात भारत 1980 साली सामील झाला, त्यात नेमक्या या प्रसंगासाठी एक जोडी सांगितली आहे. पुलाच्या एका तोंडाशी लाल किनारीचे वर्तुळ आणि त्यात एक काळा व एक लाल असे परस्परविरुद्ध बाण: ज्याला हे दिसेल त्याचा बाण लाल, म्हणून त्याने थांबायचे आणि समोरच्यास येऊ द्यायचे. दुसऱ्या तोंडाशी निळ्या पार्श्वभूमीचा चौकोन, त्यात वर जाणारा पांढरा बाण व खाली येणारा लाल: ज्याला हे दिसेल त्याने सावधपणे पुढे जायचे. अक्षरओळख नसलेल्यासही ही जोडी एकदा समजावली की पुरते. याउलट आपल्या पुलांपूर्वी लावलेले असते, लावलेलेच असेल तर, ते लाल किनारीचे त्रिकोणी सावधगिरीचे चिन्ह. ते पूल अरुंद असल्याची वर्दी देते, पण पाळी कोणाची याचा निवाडा करीत नाही. ही उणीव क्षुल्लक नाही. 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 119 अन्वये चालकावर जे पाळण्याचे बंधन आहे ते आज्ञार्थक चिन्हांचे, आणि त्रिकोण ही आज्ञा नसून सूचना आहे.

वरठीकरांस हे तत्त्व नवीन वाटू नये, कारण रेल्वेने ते कित्येक पिढ्यांपूर्वी अमलात आणले. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांपैकी कोणती जड, कोणती वेगवान, कोणीही विचारीत नसे. कड्याला बांधलेल्या पिशवीतला टोकनाचा गोळा ज्या चालकाच्या हाती, त्यालाच पुढील स्थानकापर्यंत जाण्याची मुभा. दुसऱ्याने, मग त्याची गाडी मेल असो, उभे राहायचे. त्या शिस्तीत मानहानी कोणालाही वाटली नाही.

शिवाय जाण्यायेण्याचा हक्क लेखी ठेवण्याची परंपरा या जिल्ह्यात जुनी आहे. मध्य प्रांतातील मालगुजारी अमलापासून येथील गावांच्या वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात रस्त्याचा, पाण्याचा आणि मासेमारीचा रिवाज नोंदलेला असे, आणि 1966च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही त्या दस्तऐवजास स्थान दिले. शेतात जाण्याच्या वाटेवरून तंटा झाला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. रपट्यावरच्या वाटेचा तंटा मात्र आपण हॉर्नच्या आवाजावर मिटवू पाहतो.

सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि जिल्हा परिषदेने म्हणून आपापल्या हद्दीतील एकेरी पूल, रपटे आणि पाळीवरचे रस्ते यांची यादी करावी. प्रत्येक ठिकाणी जिकडून समोरचे दूरवर दिसते आणि जिकडे थांबण्यास मोकळी जागा आहे, त्या बाजूच्या वाहनाने थांबावे असे ठरवावे. जागा नसेल तेथे मुरूम टाकून एक ट्रक उभा राहील एवढी ती करावी. आणि मग कायद्याच्या कलम 116 अन्वये रीतसर चिन्हे उभारून त्यांपैकी लाल किनारीच्या वर्तुळाखाली ‘समोरून येणाऱ्यास प्रथम जाऊ द्या’ असे ठळक मराठीत लिहावे. रात्री दिव्याच्या झोतात चमकणारा पत्रा वापरणे अगत्याचे आहे. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत ही जोडी विचारली जावी आणि ग्रामसभेत एकदा दाखवली जावी.

चिन्हे लावून काय होणार, पाळतो कोण, असा आक्षेप येईल, आणि त्यात तथ्य आहे. परंतु जेथे पाळी ठरलेलीच नाही तेथे कसूर कोणाची हेही ठरत नाही. अपघातानंतर पंचनाम्यात दोघेही निर्दोष किंवा दोघेही दोषी निघतात. नियम लिहिला गेला की निदान मोडणाऱ्याला आपण मोडीत आहोत हे ठाऊक असते, आणि त्याला तसे सांगण्याचा अधिकार पुलावर उभ्या असलेल्या कोणाही सामान्य माणसाला प्राप्त होतो. बलवानाला नियमावाचूनही वाट मिळतेच. सायकलवरच्या मुलीला, बैलगाडीवाल्याला आणि भरल्या ट्रॉलीच्या शेतकऱ्याला ती मिळवून देण्याचे सामर्थ्य फक्त नियमात आहे. यंदाचे धान मळणीनंतर घरी व बाजारात जाऊ लागण्यापूर्वी निदान वरठीच्या मोहाडी तालुक्यापुरती तरी ही तजवीज व्हावी. तिचा खर्च एका पुलाच्या कठड्याच्या दुरुस्तीहून अधिक नाही, आणि तो न करण्याला कोणतेही समर्थन उरलेले नाही.