‘तुम्हाला व्याज चालत नाही ना!’

व्यापारात माणसाची ओळख त्याच्या मालावरून आणि त्याच्या जबानीवरून होते, असे आमचे अब्बा सांगत. पस्तीस वर्षे कापडाच्या धंद्यात काढल्यावर त्यात आम्हाला एक दुरुस्ती करावीशी वाटते. आम्ही पेढीची पायरी चढण्याआधीच आमची ओळख तिथे जाऊन बसलेली असते. आधी तिचा निकाल लागतो, मग आमच्या मालाचा नंबर येतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मालेगावहून आम्ही एका मोठ्या पेठेतील व्यापाऱ्याला कोऱ्या पॉपलीनचा माल दिला. रक्कम पाच लाखांची, मुदत नव्वद दिवसांची. नव्वदाचे एकशे चाळीस झाले तरी पैसे नाहीत. मधला दलाल आमचा वीस वर्षांचा, दर ईदला घरी येऊन शीरखुर्मा पिऊन जाणारा. त्याला विचारले तेव्हा तो हसत म्हणाला, “शेठ म्हणतात, खानसाहेबांचे मागाहून पाहू. त्यांना व्याज चालत नाही ना! थांबले तरी त्यांना काय फरक पडतो?”

एक तर आम्ही खान नाही, आमच्या सात पिढ्यांत कोणी खान नव्हता. परंतु ते सोडून देऊ. त्याच शेठने त्याच महिन्यात दुसऱ्या चार व्यापाऱ्यांची रक्कम चुकती केली होती, कारण त्यांच्या बिलाखाली ‘मुदतीनंतर वार्षिक १८ टक्के’ असे छापलेले होते. आमच्या बिलाखाली तसे काही नव्हते. आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. पाच लाखांवर दरमहा दीड टक्का धरला तर पन्नास दिवसांचे साडेबारा हजार होतात. म्हणजे आमच्या परहेजाची किंमत त्या शेठने काढली होती आणि ती स्वतःच्या गल्ल्यात टाकली होती. दलालाचे बोलणे ऐकून त्या वेळी आम्ही काय केले? आम्हीही हसलो आणि चहा मागवला. व्यापारी बंधूंनो, त्या हसण्याचाच आज थोडा हिशेब करायचा आहे.

ही सवय आम्हाला लागली ती मुंबईत. उर्दू शाळेतून मॅट्रिक झालो, काही दिवस घरच्या मागांवर काढले आणि १९९० साली एका कापड पेढीवर गुमास्ता म्हणून लागलो. पेढीवर आम्ही सहा जण. पहिल्याच आठवड्यात आमचे नाव गेले आणि ‘मियाँ’ उरले. “मियाँ, खतावणी आण.” “मियाँ, चहा सांग.” मराठी बोलताना आम्ही अडखळायचो, त्याच्या नकला व्हायच्या. जुम्म्याच्या नमाजला पाऊण तास गेलो की “मियाँची अर्धी सुट्टी” म्हणायचे. आमच्या शेजारी बसणारा गुमास्ता पान खायला रोज तेवढाच वेळ खाली घालवी, तो मात्र कोणी मोजत नव्हते. भारत-पाकिस्तान सामना असला की “आज कोणाच्या बाजूने?” हा प्रश्न ठरलेला. आम्ही दर वेळी हसून दाखवायचो. परगावी नोकरी, घरी पाच तोंडे, दुसरे काय करणार?

त्या लोकांना आम्ही वाईट म्हणणार नाही. १९९३ च्या जानेवारीत मुंबईतील दंगलीमुळे आम्ही गावीच अडकलो, तेव्हा त्यांच्यापैकीच एकाने आमचा पगार मनीऑर्डरने घरी धाडला होता. त्याचा उपकार आम्ही विसरलेलो नाही. परंतु त्याच साली पुढे एका संध्याकाळी पॉपलीनचे सहा तागे कमी भरले. आरडाओरड झाली नाही, कोणी कोणाला चोर म्हटले नाही. मुनीमजींनी फक्त पिशवी उघडून दाखवायला सांगितली. सहा जणांपैकी एकट्या आम्हाला. सहा तागे एका पिशवीत मावत नाहीत, हे कापडाच्या पेढीवर जन्म काढलेल्या माणसाला सांगावे लागते काय? दोन दिवसांनी उलगडा झाला की माल पाठवणाऱ्याच्या चलानातच सहा तागे जास्त लिहिले गेले होते. मुनीमजी म्हणाले, “मनाला लावून घेऊ नकोस रे, तू तर आमचाच आहेस.”

पुष्कळ वर्षे आम्ही समजत होतो की थट्टा वेगळी आणि पिशवीची झडती वेगळी. आज तसे वाटत नाही. तीन वर्षे ज्याला कोणी नावाने हाक मारली नाही, तो त्या लोकांच्या लेखी एक नमुना झालेला होता, आणि नमुना उघडून पाहायला कोणाला संकोच वाटत नाही.

हे काही आजचे दुखणे नाही. मोमीन विणकरांची पुष्कळ घराणी १८५७ नंतरच्या काळात उत्तरेकडून, विशेषतः आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातून, मालेगाव-भिवंडीकडे आली. तिकडे असताना इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांच्यावर एक शिक्का मारून ठेवला होता, की जुलाहा म्हणजे धर्मवेडा आणि दंगेखोर. इतिहासकार ज्ञानेंद्र पांडे यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या शिक्क्यावर एक अख्खे प्रकरण लिहिले आहे. विलायती कापडाने आणि सुताच्या भावाने विणकर कसा मोडला, कर्जात कसा बुडाला, हे बाजूला राहिले आणि स्वभावच तसा, असे कागदोपत्री नोंदले गेले. एकदा नोंद झाली की पुढचा साहेब मागच्या साहेबाची वही पाहून लिहितो. मुनीमही तसेच करतात.

आमच्या तर गावाच्या नावावरच शिक्का आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते बहुतेक आमचेच लोक, आणि पकडले गेले तेही आमचेच नऊ तरुण. २०११ साली त्यांना जामीन मिळाला आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. अटकेची बातमी बाजारात सगळ्यांना पाठ होती. सुटकेची बातमी आम्ही स्वतः सांगितली तेव्हा चार व्यापाऱ्यांपैकी तिघांना ती माहीत नव्हती. त्या काळात एका शहरात आम्ही वसुलीसाठी गेलो असता, पत्ता वाचून लॉजवाल्याने खोली शिल्लक नसल्याचे सांगितले. किल्ल्या तर भिंतीवर लटकत होत्या. ती रात्र आम्ही स्टेशनवर काढली.

पुढच्या पिढीची गोष्ट वेगळी असेल असे वाटले होते. आमचा मोठा मुलगा मराठी माध्यमातून शिकला, पुण्यात एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. सोबतचे लोक शिकलेले, बोलणे गोड. कोणी म्हणते, “तुझे मराठी किती शुद्ध!” कोणी म्हणते, “तू तसा वाटत नाहीस.” तसा म्हणजे कसा, हे कोणी सांगत नाही. मराठीचे कौतुक कशाला व्हावे? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला त्याला काही शतके लोटली, आणि शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाणी गाऊन सभा गाजवल्या त्या मराठीतच. तरी मुलाला नोकरी मिळाली हेच आम्ही नशीब समजतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना पात्रता सारखी आणि नावे वेगवेगळी असे अर्ज पाठवून पाहिले होते. २००७ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानाने मुस्लिम नावाला बोलावणे येण्याची शक्यता फारच कमी निघाली.

तर या मुलाला वरिष्ठांनी बाहेरगावच्या तपासणीच्या यादीतून वगळले. विचारले तर म्हणाले, “तिकडचे वातावरण तसे आहे, तुला बरे वाटणार नाही म्हणून.” हेतू चांगला होता, हे मुलगाही मान्य करतो. परंतु बढती मिळते ती बाहेरच्या तपासण्या केलेल्यांना. मुलगा त्याच दिवशी त्यांच्यासमोर जाऊन बसला आणि म्हणाला, “साहेब, मला बरे वाटेल की नाही हे आधी मला विचारायला हवे होते. मला जायचे आहे.” आवाज चढवला नाही, तक्रारअर्ज दिला नाही. पुढच्या यादीत त्याचे नाव आले. वरिष्ठ काही दिवस जरा फुगून होते म्हणे. असू द्या. आम्हाला जे पस्तीस वर्षांत जमले नाही ते या पोराने एका वाक्यात केले, आणि खरे सांगायचे तर आम्हाला आधी त्याची भीतीच वाटली. फोनवर आम्ही त्याला म्हणालो होतो, “जाऊ दे बेटा, हसून सोड.”

आता जरा आपल्या घरात पाहू. आमच्या दुकानी एक हिशेबनीस आहेत, पाटील आडनावाचे, अकरा वर्षांपासून. घरी दावत असली की त्यांच्यासाठी आम्ही न चुकता वेगळी भाजी करवतो. गेल्या साली कळले की हे गृहस्थ पट्टीचे मटण खाणारे. अकरा वर्षे लिहाजापोटी ते भोपळा खात राहिले आणि आम्ही कधी विचारले नाही! ही गोष्ट हसण्यावारी गेली. दुसरी जात नाही. दोन वर्षांपूर्वी गोदामात सुताचे कोन कमी भरले, तेव्हा आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते “त्या बिहाऱ्यांना विचारा.” ती दोन पोरे आमच्याच सफमध्ये नमाजला उभी राहणारी. कोन शेवटी सायझिंगलाच राहिलेले निघाले. त्या पोरांनी आमच्याकडे जसे पाहिले, तसे १९९३ साली आम्ही मुनीमजींकडे पाहिले असणार. आम्ही त्यांची माफी मागितली, दोघांना नावाने हाक मारून, सगळ्या कामगारांसमोर. एक जण राहिला, दुसरा महिन्याभरात काम सोडून गेला. ‘मारवाडी म्हणजे चिकट’, ‘भय्या म्हणजे असा’, ‘दखनी म्हणजे तसा’, ‘मोमीन म्हणजे झगडालू’ हे आपण दिवसातून किती वेळा बोलतो, ते कारागीर बंधूंनी एक दिवस मोजून पाहावे.

व्याजाच्या गोष्टीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. बिलावर व्याज छापणे आम्हाला मंजूर नव्हते. आम्ही एका जाणकार मुफ्तींना विचारले. त्यांनी सांगितले की रोखीचा भाव आणि मुदतीचा भाव वेगवेगळा ठेवायला हरकत नाही. मात्र कोणता भाव आणि किती दिवस हे सौद्याच्या वेळीच पक्के झाले पाहिजे, नंतर उशीर झाला म्हणून रक्कम वाढवता येणार नाही. ही सवलत आपल्यातल्या पुष्कळ व्यापाऱ्यांना माहीत नसते, आणि माहीत असली तरी बोलायला संकोच वाटतो. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावे. आम्ही आता भावपत्रकात दोन रकाने केले आहेत आणि मुदत टळली तर पुढचा माल थांबवतो. तीस दिवसांचे गिऱ्हाईक आणि नव्वद दिवसांचे गिऱ्हाईक, ज्याला जे परवडेल ते.

दलाल आला तेव्हा त्याला हे समजावले आणि त्याच बैठकीत सांगितले, “आम्हाला व्याज चालत नाही हे खरे, पण तोटा चालतो असे कोणी सांगितले? आणि शेठना कळवा, आम्ही खान नाही.” तो चपापला. म्हणाला, “भाई, इतक्या वर्षांत तुम्ही कधी बोलला नाहीत.” त्याचे हे म्हणणे बरोबर होते. शेठने त्यानंतर दोन सौदे केले, पैसे मुदतीच्या आत-बाहेर आले. तिसऱ्या वेळी भाव जास्त आहे म्हणून त्याने माल दुसरीकडून उचलला. त्याच्याइतके मोठे गिऱ्हाईक आम्हाला अजून मिळालेले नाही. नागपूरकडचे एक छोटे गिऱ्हाईक मिळाले आहे, ते तीस दिवसांच्या रकान्यात आहे.