पणजीचा रुपया, काशीचा!

काशीला दशाश्वमेध घाटाजवळच अहिल्याबाई घाट आहे. तिथं उतरलेला मराठी यात्रेकरू दोन गोष्टी हमखास करतो. घाटावरच्या वाड्याकडे मान वर करून बघतो आणि गंगेला एक नाणं वाहतो.

अहिल्याबाईंच्या काळचा महेश्वरी रुपया ओळखायला सोपा. नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचं, पण खूण शिवलिंग आणि बेलपानाची. असा रुपया एखाद्या घरात पणजीच्या डबीतून निघतो, आणि त्याच्यासोबत 'काशीहून आणलेला' एवढे दोनच शब्द असतात. सराफाच्या काट्यावर रुपयाचं वजन होतं, ते दोन शब्द मात्र गळून पडतात. जाणता संग्राहक पैसे मोजतो ते त्या शब्दांचेसुद्धा!

नाणं कुठं मिळालं, कुणाकडून कुणाकडे गेलं ही त्याची वंशावळच म्हणा ना. कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, बायझंटाईन सम्राटांचं 'सॉलिडस' घ्या. हे साडेचार ग्रॅमच्या आसपासचं सोन्याचं नाणं. त्याचे शौकीन जुन्या मालकाच्या हातची चिठ्ठीही नाण्याइतकीच जपतात. व्यापारातून ही नाणी दक्षिण भारतात आली. कर्नाटकात अक्की आलूरला त्यांचा साठाच सापडला. इथं मिळालेल्या कित्येक नाण्यांना सम्राटाच्या डोक्यावर दोन भोकं आहेत... दागिन्यात ओवण्यासाठी पाडलेली. आपल्या पुतळ्यांच्या माळेची ही थोरली बहीणच! एरवी भोक म्हणजे खोट. इथं मात्र नाणं भारतात नांदल्याचा तोच दाखला.

हे मर्म ओळखणारा एक माणूस काशीतच होता. जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टाकसाळीत धातूचा कस तपासायचा. पुढे कलकत्त्यात त्याच्याकडे ठिकठिकाणची नाणी येऊ लागली. कोणतं नाणं कुणी पाठवलं, कुठं मिळालं, हे तो छापून ठेवी. १८३७ मध्ये त्यानं ब्राह्मी लिपी उलगडली, १८४० मध्ये वारला. त्याचा संग्रह १८४७ मध्ये ब्रिटिश म्युझियमनं विकत घेतला.

याच्या उलट कथा कलकत्त्याच्या कालीघाटची. १७८३ मध्ये तिथं गुप्तकाळातली सोन्याची नाणी सापडली. वॉरन हेस्टिंग्जनं ती लंडनला कंपनीच्या संचालकांकडे धाडली. त्यांनी काही संग्रहालयांना आणि संग्राहकांना वाटली आणि उरलेली चक्क वितळवली! वाचलेल्यांपैकी जी आज ओळखता येतात, ती देणगीच्या जुन्या नोंदींमुळे.

तेव्हा घरात जुनं नाणं असेल तर ते चिंचेनं घासायला घेऊ नका. कागदी पाकिटात ठेवा आणि वर लिहा : कुणाचं, कुठलं, कधीपासून घरात. विकत घेतलं तर पावतीही त्यातच. शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. जमिनीत दडवलेलं धन सापडलं आणि किंमत दहा रुपयांवर असली, तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं भाग आहे.

आणि पाकिटावरचा मजकूर आजीला विचारूनच लिहा, या रविवारीच.