उसाला वाट, क्रेनला कागद

कोगनोळीचा नाका मागे टाकून निपाणीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला या आठवड्यात एक लोबेड ट्रेलर उभा दिसला असेल. बहुतेकांनी हॉर्न मारून गाडी पुढं काढली. मी उतरलो. असली गाडी दिसली की उतरल्याशिवाय मला राहवत नाही, हे या सदराच्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. वर एका क्रॉलर क्रेनचं धड होतं. न्हावा शेवा बंदरात उतरलेलं, हुबळीपलीकडं एका पुलाच्या कामावर जायचं. तिचे पट्टे आणि बूमचे तुकडे साध्या मापाच्या गाड्यांवरून केव्हाच पुढं गेलेले. धड तेवढं मागं राहिलं. चारी कोपऱ्यांना लाल झेंडे, मागं फिरता पिवळा दिवा, पुढं पायलट गाडी आणि केबिनमध्ये कागदांची जाड फाइल. म्हणजे सगळं नियमाप्रमाणं, आणि तरी उभा. खरं तर म्हणूनच उभा.

कारणं विचारली. दिवसा चालायचं नाही, रात्रीच चालायचं. रात्री निघावं तर धुकं. धुकं विरलं तर पुढं बेळगावजवळ हलग्याला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. ते जिथं भरतं तो सुवर्णसौध नेमका महामार्गाच्या काठाला बांधलाय. २०१२ साली त्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून अधिवेशन भरलं की आमच्या भागातल्या प्रत्येक मोठ्या गाडीला लोकशाहीचा मान राखून थांबावं लागतं. ‘सोबत द्यायला माणूस नाही, बंदोबस्त आहे,’ एवढंच उत्तर मिळालं म्हणे. ड्रायव्हर म्हसवडकडचा. मला म्हणाला, ‘काका, आमचं धूड लांबनं दिसतंय, त्यात कागदबी हायत. आमाला कोण सोडतंय?’

हे तो सांगत असतानाच शेजारून ट्रॅक्टर जात होते. एकामागं एक. प्रत्येकाला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या दोन्ही अंगांनी फुगून बाहेर आलेला ऊस, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, आणि ड्रायव्हरच्या कानाशी टेप अशी लावलेली की मागच्या एसटीचा हॉर्न त्याला कारखान्यावर पोचल्यावर ऐकू यावा. काही कागलकडं चाललेले, काही तिकडून इकडं येणारे. दूधगंगेचा पूल म्हणजे दोन राज्यांची हद्द, पण उसाच्या ट्रॅक्टरला तिथं हद्द लागत नाही. क्रेनच्या फाइलमध्ये मात्र महाराष्ट्राची परवानगी वेगळी, कर्नाटकाची वेगळी, राष्ट्रीय महामार्गाची वेगळी. तीन सह्यांतली एक उशिरा आली की उरलेल्या दोघींची मुदत संपते.

आता मापं बघू. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणं रस्त्यावरच्या गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत हवी. आपल्याकडं विहिरीपासून बायपासपर्यंत सगळीकडं दिसणारं वीस टनी पोकलेन साधारण २.८ मीटर रुंद असतं. म्हणजे धारवाडच्या टाटा हिताचीच्या कारखान्यातून बाहेर पडून ट्रेलरवर चढलेलं रोजचं पोकलेनही काटेकोर बोलायचं तर जादा मापाचंच. बेळगावच्या रस्त्यावर रोज अशी किती पोकलेनं फिरतात आणि त्यांतल्या कितींकडं जादा मापाची परवानगी असते? उत्तर तुम्हाला माहीत आहे, नाक्यावरच्यांना तर पाठ आहे. नियम इतका घट्ट शिवलाय की अंगात कुणालाच बसत नाही. मग जो घालून बघतो त्याचीच फजिती होते.

उसाच्या ट्रॉलीला हे माप कुणी कधी लावलंय? दरवर्षी हंगामाच्या तोंडावर कारखान्याच्या आवारात एक सोहळा होतो. अधिकारी येतात, संचालक येतात, ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. आठ दिवसांत त्या पट्टीवर लोंबता ऊस येतो आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला पट्टी दिसते ती दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर. तवंदी घाटाच्या चढाला असला जोड निम्म्यावर दम सोडतो आणि मागं रांग लागते. त्या रांगेत क्रेनवाला असला तर लोक शिव्या क्रेनवाल्यालाच घालतात.

कुणी लगेच म्हणेल की शेतकऱ्याच्या पोटावर पाय देतोय. थांबा. गेल्या हंगामात गुर्लापूरला शेतकरी दरासाठी रस्त्यावर बसले तेव्हा या सदरानं कुणाची बाजू घेतली ते आठवा. ट्रॉली शेतकरी भरत नाही. तोडणी-वाहतुकीचा करार वेगळा, उचल वेगळी, आणि वाहतूकदाराला पैसे मिळतात ते टनावर. खेपा कमी आणि टन जास्त, हे त्याचं गणित. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच बिलातून कापला जातो. म्हणजे जादा भरलेल्या ट्रॉलीनं खड्डे पाडायचे, खड्ड्यांतून जास्त डिझेल जाळायचं आणि त्याचे पैसे ज्याचा ऊस त्यानंच भरायचे.

खड्ड्यांचं एक शास्त्र आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत फिरवले गेले. जगभरचे रस्ते-अभियंते अजून त्या चाचणीवरच जेवतात. तिचं सार असं, की एका ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळापटीच्या आसपास जाते. म्हणजे गाडीवर एकूण किती टन आहेत यापेक्षा ते किती ॲक्सलवर वाटले आहेत हे महत्त्वाचं. क्रेनच्या ट्रेलरला ॲक्सलच्या ओळीच्या ओळी असतात. त्याहून मोठ्या, हायड्रॉलिक ॲक्सलच्या ट्रेलरला तर तेलाच्या दाबामुळं प्रत्येक चाकावर जवळपास सारखंच वजन येतं. तो रस्त्यावरून जातो तेव्हा डोळ्यांना डोंगर सरकल्यासारखा दिसतो, पण रस्त्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. रस्त्याला वाटतं ते मोजक्या ॲक्सलवर वाट्टेल तेवढा भरलेल्या गाडीचं. मुरगूडकडून निपाणीला येणारा रस्ता दर उन्हाळ्यात कशानं उखडलेला असतो, हे समजून घ्यायला इलिनॉयला जायची गरज नाही. उखडलेल्या जागी वाळकं पाचट पडलेलं असतं.

अजून एक गोष्ट, आणि मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच. क्रेनचं वजन सिद्ध करायला मालकाला बंदराचा कागद, कंपनीचा कागद आणि काट्याची पावती लागते. उसाच्या ट्रॉलीचं वजन सिद्ध करायला काहीच लागत नाही, कारण ते आधीच सिद्ध असतं. प्रत्येक कारखान्याच्या दारात वजनकाटा आहे. प्रत्येक खेप भरलेली मोजली जाते, रिकामी मोजली जाते, गाडीच्या नंबरासकट नोंदली जाते. आता तर ही नोंद संगणकातच होते. कुठल्या ट्रॅक्टरनं कुठल्या तारखेला किती वजन ओढलं याचा किलोपर्यंतचा हिशेब हमिदवाड्यापासून संकेश्वरपर्यंतच्या कारखान्यांत तयार पडलाय. काटा मारतात म्हणून शेतकरी ओरडतो, तेव्हा याच नोंदीवरून भांडण होतं. पण हीच नोंद परिवहन खात्यानं मागवून जादा वजनाचा दंड लावला, असं आपल्या भागात कुणी ऐकलंय? रस्त्यावर उभं राहून, टॉर्च मारून, गाडी अडवून जे शोधायचं ते कारखान्याच्या संगणकात आयतं मांडून ठेवलंय. टॉर्च तरीही क्रेनवरच.

उसाला हात लावायची हिंमत नाही, हे सरकारनं एकदा स्वतःच दाखवून दिलं. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारनं ऊस परराज्यात न्यायला बंदी घातली. सीमेच्या दोन्ही बाजूंनी बोंब उठली आणि थोड्याच दिवसांत आदेश मागं घ्यावा लागला. बंदी चुकीचीच होती, मागं घेतली ते बरं झालं. पण परराज्याच्या नावानं उसावर काढलेला कागद फार दिवस टिकला नाही आणि क्रेनवरचे तीन कागद तिन्ही त्रिकाळ टिकतात. क्रेनचं मत कुठल्याच मतदारसंघात नसतं, एवढाच अर्थ मी त्यातून काढतो.

सीमाप्रश्नावर या सदरात लिहायचं नाही, असं संपादकांनी मला बजावलंय. म्हणून एवढंच नोंदवतो. २०२२ च्या ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या पाटीच्या ट्रकवर दगड पडले, ते या ड्रायव्हरला अजून आठवतं. त्या आठवड्यात तो याच रस्त्यावर होता. ‘तवा मालकानं फोन करून सांगितलं, जितं हाईस तितं थांब,’ म्हणाला. म्हणजे थांबायचा सराव त्याला जुना आहे.

आणि आता माझं जुनं तुणतुणं. ही क्रेन न्हावा शेव्याहून का आली? बेळगावपासून समुद्र काही चारशे-पाचशे किलोमीटरवर नाही. चोर्ला घाटातून पणजी सव्वाशेच्या आसपास, वेंगुर्लाही तेवढंच. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या छावणीचं सामान वेंगुर्ल्यालाच उतरायचं आणि बैलगाड्यांनी घाट चढून यायचं. १८८८ मध्ये मुरगावची रेल्वे कॅसलरॉकमार्गे पूर्ण झाली आणि वेंगुर्ला मागं पडलं. निपाणीचं नाव तर एका बंदराच्या रस्त्यालाच जोडलेलं आहे, देवगड–निपाणी. नाव मोठं ऐटीत आहे. त्या रस्त्यावरून देवगडचा हापूस वर येतो. क्रेन येणार नाही, फोंडा घाटाच्या वळणांवर तिचं धड बसणारच नाही. तिलारी घाटात अवजड गाड्यांना बंदी घालावी लागली. अनमोड घाटाचा काही भाग २०२५ च्या जुलैत खचला आणि तिथंही अवजड वाहतूक बंद करावी लागली. संकेश्वर–बांदा रस्त्याला राष्ट्रीय महामार्गाचा नंबर मिळाला, रुंदीही मिळाली, पण आंबोली घाटात ती रुंदी वळणांपाशीच हात टेकते. रेल्वेचं म्हणाल तर मुरगाव मार्गाच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळानं दिलेली परवानगी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली, आणि ते जंगल पाहिलेला माणूस त्यावर वाद घालणार नाही. निपाणीला तर रेल्वेच नाही. तंबाखूच्या पेठेला ती कधी मिळाली नाही, क्रेनला काय मिळणार!

मग उरतो एकच रस्ता, पुणे–बेंगळुरू. उत्तरेकडून बंदरातली यंत्रं खाली येतात आणि धारवाड-बेंगळुरूच्या कारखान्यांतली वर जातात. अंबरनाथहून निघालेलं अवकाश संशोधनाचं सत्तर टनांचं एक यंत्र २०२० च्या जुलैत तिरुवनंतपुरमला पोचलं, तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी त्या चौऱ्याहत्तर चाकी ट्रेलरचं कौतुक केलं. प्रवासाला साधारण वर्ष लागलं. मला त्यात कौतुकापेक्षा पंचनामा जास्त दिसला होता, तसं तेव्हा लिहिलंही होतं, आणि एका अभियंत्यानं ‘तुम्हाला देशाचा अभिमान नाही’ म्हणून पत्र पाठवलं होतं. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा रस्त्यावर आली तेव्हा २०१९ मध्ये काय झालं, २०२१ मध्ये काय झालं, हे त्या अभियंत्यानं एकदा ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून बघावं. एकच रस्ता, तोही पाण्याखाली, आणि पर्यायी सगळे घाट क्रेनला बंद.

मागणी फार मोठी नाही. जादा मापाच्या गाडीला बंदरापासून कामाच्या जागेपर्यंत एकच परवानगी असावी, दोन्ही राज्यांनी एकमेकांची मानलेली. तिची मुदत धुक्यानं आणि अधिवेशनानं संपू नये. कोगनोळी ते हिरेबागेवाडी या पट्ट्यात अशा गाड्यांना उभं राहायला दिवे आणि संडास असलेली एक तरी जागा असावी. आत्ता तो म्हसवडचा गडी आणि त्याचा किन्नर उसाच्या फडाकडेला चूल मांडून बसलेत.

अधिवेशन अजून चालू आहे. आपल्या भागातल्या कुणा आमदाराला प्रश्नोत्तरात एक ओळ घालता आली तर घालावी. या हंगामात बेळगाव जिल्ह्यातल्या किती साखर कारखान्यांकडून परिवहन खात्यानं ट्रॉल्यांच्या वजनाच्या नोंदी मागवल्या, आणि किती गाड्यांना दंड केला? कन्नडमधून विचारा, मराठीतून विचारा, आकडा दोन्हीकडं सारखाच यायचा.

— वाटसरू