सल्लागार हाकेवर, जबाबदारी वाऱ्यावर

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गाचे जुने नाव कर्झन रोड. कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा हा रस्ता अर्ध्या तासाच्या पायपिटीत संपतो. पण शहरे कोणाच्या सल्ल्याने घडतात, हे समजून घेणाऱ्याला तो बरेच काही शिकवतो. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत याच रस्त्यावर आहे. संरक्षण मंत्रालयाच्या जुन्या बराकी हलविण्यासाठी बांधलेल्या दोन कार्यालय संकुलांपैकी एक येथेच सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले. आणि अधिवेशनाच्या काळात मराठी राजकारण्यांनी गजबजून जाणारे नवे महाराष्ट्र सदनही याच रस्त्यावर जून २०१३ पासून दिमाखात उभे आहे.

हे सदन राज्याच्या तिजोरीतून रोख पैसे मोजून बांधलेले नाही, ही गोष्ट आता विस्मरणात जाऊ लागली आहे. मुंबईतील अंधेरी येथील परिवहन कार्यालयाच्या जागेचे विकास हक्क एका विकासकाला द्यायचे आणि त्याच्या बदल्यात त्याने दिल्लीत सदन बांधून द्यायचे, असा तो व्यवहार होता. अंधेरीतील त्या जागेवर झोपडपट्टी होती, म्हणजे दिल्लीतल्या या वास्तूचे मूळ मुंबईच्या पुनर्विकासात आहे. या व्यवहारावरून २०१५ मध्ये गुन्हे दाखल झाले. तत्कालीन सार्वजनिक बांधकाम मंत्री छगन भुजबळ यांना पुढे तुरुंगवास घडला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या खटल्यातून त्यांना आरोपमुक्त केले. फौजदारी प्रश्न न्यायालयाचा. धोरणाचा प्रश्न मात्र अद्याप उभाच आहे. अंधेरीतील जमिनीचे मोल कोणी ठरवले, कोणत्या हिशेबाने ठरवले आणि तो हिशेब तपासण्याची ऐपत शासनाच्या पगारावर असलेल्या कोणाकडे होती?

हा प्रश्न आज उकरून काढण्याचे कारण असे, की शहरांच्या पुनर्विकासासाठी ‘ऑन-कॉल’, म्हणजे हाक मारताच हजर होणारे सल्लागार नेमण्याची पद्धत आता अंगवळणी पडली आहे. पद्धत दिसायला सुटसुटीत आहे. अनुभव आणि वार्षिक उलाढाल पाहून काही कंपन्यांची यादी दोन-तीन वर्षांसाठी तयार करायची, दर आधीच ठरवून ठेवायचे आणि जुनी मंडई, मोडकळीस आलेल्या चाळी किंवा नदीकाठ असा विषय पुढे आला, की यादीतल्या एकाला कार्यादेश द्यायचा. प्रत्येक वेळी नव्या निविदेचा घोळ नको, कायमस्वरूपी पदभरतीचा भार नको. काम संपले, की सल्लागार आपल्या वाटेने आणि महापालिका आपल्या वाटेने.

या पद्धतीवर सरसकट टीका करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शहरांकडे माणसेच नाहीत, हे वास्तव आहे. नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार राज्यांच्या नगररचना विभागांत नगररचनाकारांची ३,९४५ पदे मंजूर होती आणि त्यांपैकी ४२ टक्के रिकामी होती. गरज मात्र १२ हजारांहून अधिक पदांची होती. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये १८ राज्यांतील नागरी संस्थांच्या लेखापरीक्षणांचा जो गोषवारा मांडला, त्यात मंजूर पदांपैकी सरासरी ३७ टक्के पदे रिक्त असल्याचे दिसले. भूकंपरोधक बांधकाम, पुराचे गणित, वारसा संवर्धन यांतले तज्ज्ञ प्रत्येक महापालिकेने कायम पोसावेत, अशी अपेक्षाही कोणी करणार नाही. तेव्हा बाहेरून सल्ला घेणे हे पाप नव्हे.

तसे पाहिले तर सल्लागार ही संस्था आपल्याकडे नवी नाही. पॅट्रिक गेडिस १९१५ नंतरची काही वर्षे हिंदुस्थानातील शहरांमागून शहरे पायी हिंडले आणि त्यांचे अहवाल लिहीत गेले. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. आधी निदान, मग उपचार आणि तोही कमीत कमी काटछाट करून, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९६०च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली. तेही शासनाबाहेरचेच होते. परंतु शासनाने ती कल्पना स्वीकारली, तेव्हा तिच्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको ही संस्था उभी केली आणि कोरिया व पटेल यांना त्या संस्थेत जबाबदारीची पदे दिली. बाहेरची बुद्धी आत आणून ती संस्थेत मुरवण्याचा तो मार्ग होता. सिडकोच्या पुढच्या कारभाराविषयी तक्रारी पुष्कळ आहेत, पण निदान जाब विचारायला एक दार आहे. हाकेवरच्या सल्लागाराला दार नसते. असतो तो केवळ करारनाम्यावरचा पत्ता, तोही मुदतीपुरता.

या फरकाची किंमत मुंबईने मोजलेली आहे. शहराच्या २०१४ ते २०३४ या काळाच्या विकास आराखड्याचे काम महापालिकेने बाहेरच्या सल्लागार कंपनीकडे सोपवले. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप प्रसिद्ध झाले आणि गहजब उडाला. वारसा वास्तू नकाशावर सापडेनात, उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, प्रत्यक्ष वापर एक तर कागदावर नोंद भलतीच. हजारोंच्या संख्येने हरकती दाखल झाल्या. अखेर एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते प्रारूप बाजूला सारून आराखडा नव्याने करण्याचा आदेश दिला. निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांना विशेष कार्य अधिकारी नेमून काम पुन्हा हाती घेतले गेले, २०१६ मध्ये सुधारित प्रारूप आले आणि २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला. चुका बहुतांशी साध्या होत्या. त्या वॉर्डातल्या कनिष्ठ अभियंत्याच्या नजरेला सहज पडल्या असत्या. पण कागद तयार करणारा वॉर्डात राहत नव्हता आणि वॉर्डात राहणाऱ्याला कागद छापून आल्यावरच दिसला. उंटावरून शेळ्या हाकण्याचा याहून नमुनेदार दाखला शोधूनही मिळणार नाही.

सल्लागाराच्या प्रामाणिकपणावर शंका न घेताही त्याच्या कामाच्या रचनेत एक खोट दाखवता येते. अनेकदा त्याचे शुल्क प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या टक्केवारीवर ठरते. जुनी चाळ दुरुस्त करून आणखी वीस वर्षे वापरता येईल, हा सल्ला शहराच्या हिताचा असेल. पण तो देणाऱ्याच्या पदरात पडणार ते दुरुस्तीच्या खर्चावरचे टक्के, आणि बुलडोझरचा सल्ला देणाऱ्याच्या पदरात टोलेजंग मनोऱ्यांवरचे. शिवाय अनेक ठिकाणी व्यवहार्यता अहवाल तोच लिहितो, निविदेचा मसुदा तोच करतो, आलेल्या देकारांची छाननीही तोच करतो आणि काम सुरू झाले, की देखरेखीलाही तोच असतो. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी खात्याकडे आवश्यक कौशल्य नसेल तेव्हाच सल्लागार घेण्याची मुभा दिली आहे. आपण मात्र आधी कौशल्याची पदे रिकामी ठेवतो आणि मग त्याच रिकामेपणाकडे बोट दाखवून सल्लागार नेमतो.

धारावीत या साऱ्याचा कळस झाला. २००४ मध्ये राज्य शासनाने खासगी सल्लागाराच्या कल्पनेवर आधारलेली पुनर्विकास योजना स्वीकारली. २००७ मध्ये जगभरातून इच्छुकांना आवाहन झाले. शासनानेच नेमलेल्या, माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २००९ मध्ये या योजनेच्या गाभ्यावरच कठोर आक्षेप घेतले; लोकांच्या घरांपेक्षा जमिनीवर डोळा असल्याचा तिचा रोख होता. त्यानंतर निविदा निघाल्या, रद्द झाल्या. २०१९ मध्ये सर्वाधिक बोली लावणाऱ्या कंपनीची निविदा २०२० मध्ये गुंडाळली गेली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५,०६९ कोटींच्या बोलीवर अदाणी समूह यशस्वी ठरला. मार्च २०२४ मध्ये घराघरांचे नवे सर्वेक्षण सुरू झाले. पहिल्या योजनेपासून तोवर वीस वर्षे उलटली होती. या वीस वर्षांत किती अहवाल झाले असतील! त्यांतली शहाणीव साठवून ठेवील असे कायमचे घर शासनात असते, तर दरवेळी पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली नसती. तिथल्या माणसाला मात्र १ जानेवारी २००० पूर्वीचा एक कागद जपून ठेवावा लागतो, कारण धारावीतच मोफत घर मिळणार की नाही, हे त्यावर ठरणार आहे. सल्लागार बदलला तर त्याचे काही बिघडत नाही. कागद हरवला तर कुटुंबाचे सारेच बिघडते.

या सगळ्यात लोकप्रतिनिधी कोठे आहेत? ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय नोंदवले. त्यातला पहिलाच विषय नगररचनेसह शहर नियोजन हा आहे. प्रत्यक्षात मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर जवळपास चार वर्षे तेथे प्रशासकाची राजवट होती. सभागृह नाही, स्थायी समिती नाही. निर्णय प्रशासकाचा आणि टिपणी सल्लागाराची. दिल्लीत संसदेत याविषयी प्रश्न विचारला, तर नगरविकास मंत्रालयाचे ठरावीक उत्तर असते, की जमीन व वसाहती हे राज्यांचे विषय आहेत. राज्यात विचारले तर महापालिकेकडे बोट. महापालिकेत विचारले तर सल्लागाराचा अहवाल अद्याप यायचा असतो. माहितीच्या अधिकारात मागावे, तर २००५ च्या कायद्यातील व्यापारी गोपनीयतेचे कलम पुढे येते. त्याच कलमात व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची तरतूद आहे, याची आठवण अर्जदारालाच करून द्यावी लागते.

राजधानीही याला अपवाद नाही. ‘सेंट्रल व्हिस्टा’ पुनर्विकासासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये सल्लागार निवडला गेला. शुल्क २२९ कोटी ७५ लाख रुपये. ५ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने प्रकल्पाला वाट मोकळी करून दिली. न्या. संजीव खन्ना यांनी भिन्न मत नोंदवताना लोकांना पुरेशी माहिती देऊन त्यांचे म्हणणे ऐकले गेले नाही, या मुद्द्यावर बोट ठेवले. बहुमताचा निकाल हाच कायदा, याबद्दल वाद नाही. परंतु देशाच्या संसदेची जागा बदलतानाही जनसुनावणी पुरेशी झाली की नाही यावर न्यायमूर्तींत मतभेद व्हावेत, तर लातूर किंवा अकोल्याच्या एखाद्या मंडईची काय कथा!

सल्लागारांचा जमाखर्च विधिमंडळाने मागणे अशक्य नाही. फ्रान्सच्या सिनेटने चौकशी समिती नेमून मार्च २०२२ मध्ये अहवाल दिला आणि सरकारी यंत्रणांचा सल्लागारांवरील खर्च २०२१ मध्ये एक अब्ज युरोच्या पुढे गेल्याचे देशासमोर मांडले. निवडणुकीच्या ऐन तोंडावर तो प्रचाराचा विषय झाला. आपल्या संसदेत गृहनिर्माण व नगरविकासाची स्थायी समिती आहे, विधानमंडळात लोकलेखा समिती आहे. ‘स्मार्ट सिटी’ योजनेत १०० शहरे होती, त्यांत महाराष्ट्रातील आठ. २०१५ मध्ये सुरू झालेली ती योजना मार्च २०२५ मध्ये संपली. या दहा वर्षांत सल्लागारांना किती रक्कम दिली आणि त्यांच्या किती शिफारशी प्रत्यक्षात उतरल्या, हा हिशेब मागण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, इच्छाशक्ती पुरे.

महापालिकांनी सल्लागार खुशाल नेमावेत. अटी मात्र चार असाव्यात. शुल्क कामाच्या टप्प्यांवर असावे, प्रकल्प खर्चाच्या टक्केवारीवर नसावे. योजना आखणाऱ्याने निविदांची छाननी करू नये. प्रत्येक अहवाल मराठीत, हरकती मागवण्याआधी पुरेसे दिवस, वॉर्ड कार्यालयात आणि सभागृहाच्या पटलावर ठेवावा. आणि कोणताही अहवाल स्वीकारण्यापूर्वी महापालिकेच्या सेवेतील नगररचनाकाराने तो तपासल्याची सही त्यावर असावी. शेवटची अट सर्वांत अवघड, कारण त्यासाठी आधी ते पद भरावे लागेल. सार्वजनिक संस्था पुढाकार घेते तेव्हा काय घडते, याचे उदाहरण वरळीत आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाने स्वतःकडे घेतला. वास्तुरचनाकार आणि कंत्राटदार तेथेही बाहेरचेच आहेत. विलंब झाला, वाद झाले, पण ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या आणि उरलेल्यांना जाब कोणाला विचारायचा, हे ठाऊक आहे.

नव्या महाराष्ट्र सदनात उतरणारे आपले लोकप्रतिनिधी शहरांसाठी केंद्राकडे निधी मागायला येतात, आणि तो मागणे त्यांचे कर्तव्यच आहे. पण ज्या छताखाली ते थांबतात, तेही एका पुनर्विकासाच्या सौद्यातून उभे राहिले आहे. परतीच्या विमानात बसण्यापूर्वी त्यांनी आपल्या शहरापुरता एक आकडा मागवून घ्यावा. महापालिकेच्या आकृतिबंधात नगररचनाकारांची पदे किती आणि त्यांपैकी भरलेली किती? पुढच्या सल्लागाराच्या प्रस्तावावर हात वर करण्याआधी एवढे उत्तर पुरेसे आहे.