प्रवाळाचा पहारेकरी आणि वासेट्ठाचा प्रश्न

कार्यालयातील एका देशबांधवाने गेल्या पंधरवड्यात आम्हांस दीड मिनिटाची एक चित्रफीत पाठविली. प्रवाळाच्या फांद्यांत बसलेला, अंगठ्याच्या नखाएवढा एक खेकडा थाळीएवढ्या काटेरी तारामाशाला नांगीने चिमटे काढून परतवून लावतो, असे ते दृश्य होते. दृश्य विलक्षण, त्याखालची ओळ मात्र ओळखीची. निसर्गातही ज्याचे त्याचे काम जन्मानेच ठरलेले असते, मग आपल्या पूर्वजांनी वेगळे काय केले, असा तिचा आशय. असला मजकूर उत्तर न देता पुसून टाकावा ही आमची नेहमीची रीत; परंतु या वेळी खेकड्याने आम्हांस अडविले. त्याच्याविषयी जे सुचविले होते ते खरे तरी आहे काय, हे पाहण्यात दोन रविवार गेले. त्यांचा हिशेब या महिन्याच्या सदरात देत आहोत.

या खेकड्याच्या प्रजातीचे नाव ट्रॅपेझिया. तांबड्या समुद्रापासून पनामाच्या किनाऱ्यापर्यंत उष्ण पाण्यात तो आढळतो आणि पोसिलोपोरा व त्याच्या निकटच्या नात्यातील शाखायुक्त प्रवाळांवरच राहतो. प्रवाळ म्हणजे नुसता दगड नव्हे. चुन्याच्या सांगाड्यावर पसरलेली इवल्या प्राण्यांची ती वसाहत असते. हे प्राणी चिकट श्लेष्मा स्रवतात. खेकड्याच्या पायांच्या टोकांशी कंगव्यासारखे केस असतात. त्यांनी तो श्लेष्मा खरवडून खातो. एवढ्यावरून त्याला फुकटखाऊ म्हणावे, तर हवाई येथील जॉन स्टिमसन यांचा १९९० सालचा अभ्यास आड येतो. पोसिलोपोराच्या स्पर्शकांच्या टोकांशी मेदाचे सूक्ष्म गोळे तयार होतात आणि खेकडे ते खातात. खेकड्यांचा वावर असला म्हणजे प्रवाळ हे गोळे अधिक बनवितो, असे त्यांना दिसून आले. यजमान पाहुण्यासाठी वेगळे शिजवितो, असे म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला.

पाहुणा त्या बदल्यात काय देतो, हे पनामाच्या पाण्यात पीटर ग्लिन यांनी १९७०च्या दशकात पाहिले. काटेरी तारामासा आपले जठर बाहेर काढून प्रवाळावर पसरतो आणि जिवंत ऊती जागच्या जागी पचवितो. मागे उरतो तो पांढरा सांगाडा. तो पोसिलोपोरावर चढू लागला की खेकडे त्याचे काटे आणि नलिकापाद धरून ओढतात. त्याच फांद्यांत अल्फियस नावाची एक कोळंबी राहते. तीही आपली मोठी नांगी फटकन मिटवीत या लढाईत उतरते. पुष्कळदा तारामासा तो नाद सोडून दुसरा प्रवाळ शोधतो. त्याहून साधी, पण आम्हांस अधिक भावलेली सेवा निराळीच आहे. फ्रेंच पॉलिनेशियातील मोऑरिआ बेटाजवळ काही प्रवाळांवरून संशोधकांनी खेकडे काढून टाकले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात खेकडे असलेले प्रवाळ जगले. खेकडे काढलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास वा त्याहून अधिक महिनाभराच्या आतच मेले. कारण कोणी शत्रू नव्हे, तर गाळ. खेकडा दिवसरात्र फांद्यांवरील गाळ काढीत असतो. सफाईचे काम जिवावर बेतणारे आहे हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. येथे मात्र ते न झाल्यास यजमानाच्या जिवावर बेतते, आणि सफाई करणाऱ्याला कोणी दूर बसवीत नाही.

आता ‘जन्माने ठरलेले’ या शब्दांकडे वळू. मादी खेकडा अंडी पोटाखाली वागविते. त्यांतून निघालेले डिंभ प्रवाहाबरोबर खुल्या समुद्रात जातात. तेथे प्लवकांच्या गर्दीत तरंगत, अवस्था बदलीत, बहुतेक कोणाच्या तरी तोंडी पडतात. जे वाचतात ते कोठल्या तरी पोसिलोपोरावर उतरतात. तो आईबापांचाच असण्याचे काही कारण नाही. घर वारशाने मिळत नाही, यजमानही नाही. प्रौढ खेकडेदेखील एक वसाहत सोडून दुसरीकडे जातात, हे पीटर कॅस्ट्रो यांनी १९७८ साली नोंदविले आहे.

परंतु प्रामाणिकपणे सांगावयाचे तर येथे आम्ही थबकलो. घर वारशाने येत नसेल, पण ट्रॅपेझियाचे ट्रॅपेझियापण वारशानेच येते. कंगव्यासारखे पाय, पोसिलोपोराची ओढ, अंगावरील ठिपके, हे सारे जन्मजात आहे. त्या ठिपक्यांवरून आणि रंगावरून अभ्यासक त्यांच्या जाती ओळखतात. मग सहकाऱ्याचे म्हणणे निदान अर्धे तरी खरे मानावे काय?

याचे उत्तर शोधताना आम्हांस वासेट्ठ सुत्त आठवले. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण, मनुष्य ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने, या वादात न पटल्याने तथागतांकडे येतात. तथागत आरंभ करतात तो गवत आणि वृक्ष यांपासून. मग कीटक, मुंग्या, चतुष्पाद, सर्प, पाण्यातील मासे, आकाशातील पक्षी. या सर्वांत जातीजातींची चिन्हे जन्मतः वेगळी असतात, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. नंतर ते मनुष्याकडे वळतात आणि केस, डोके, कान, डोळे, ओठ, भुवया असे एकेक अवयव घेत जातात. तशी चिन्हे येथे कोठेच सापडत नाहीत. जो गोपालनावर जगतो तो शेतकरी, जो शिल्पावर जगतो तो शिल्पी. ब्राह्मणही तसाच, कर्माने. सुत्तातील यादीत खेकडा नाही, मासे आहेत. पण खेकड्याला तेथे बसावयास कोणाची हरकत असू नये. खेकड्यांना जात असते, हे बौद्धाने नाकारण्याचे कारणच नाही. दोन खेकड्यांच्या जाती म्हणजे दोन प्राणी. दोन माणसांच्या जाती म्हणजे एकच प्राणी आणि मध्ये एक कुंपण. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात हेच दुसऱ्या अंगाने मांडले होते: जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे.

येथे आम्ही आपल्याही मंडळींना थोडे टोकणार आहोत. चित्रफितीची हकिकत सांगताच एका उपासक मित्राने खेकडा आणि प्रवाळ यांत मैत्रीभावनेचा दाखला पाहिला. तसे पाहू नये. त्याच पोसिलोपोरावर हॅपॅलोकार्सिनस नावाचा दुसरा एक खेकडा राहतो. विल्यम स्टिम्पसन यांनी १८५९ साली त्याचे वर्णन केले. त्याची मादी कोवळ्या वयात फांदीच्या बेचक्यात बसते. तिच्यामुळे फांद्यांची वाढ बदलते, त्या चपट्या होत तिच्याभोवती मिटतात आणि पुढचे आयुष्य ती त्या गाठीत काढते. पाणी खेळते राहण्यापुरती बारीक छिद्रे तेवढी उरतात. नर तिच्याहून कितीतरी लहान. तो बाहेर मोकळा. मनुस्मृतीचा एखादा अभिमानी यातून स्त्रीधर्म काढील. आणि ट्रॅपेझियाची जोडी आपल्या वसाहतीत शिरू पाहणाऱ्या स्वजातीय उपऱ्याला हुसकावून लावते, हा धडा गिरवावयाचा तर व्हिसाच्या रांगेत उभे राहणाऱ्या आपणा सर्वांचे काय होईल? खेकडा शिकवीत नाही. तो खातो, लढतो आणि अंडी घालतो.

पहाऱ्याचा करारही अन्नावर उभा आहे. १९८२-८३च्या एल निनोत पनामाचे पाणी तापले. प्रवाळ आपल्या ऊतींतील शैवाले गमावून पांढरे पडले; त्या शैवालांनी बनविलेल्या साखरेवर तर त्यांचे पोट चालते. ग्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले तेव्हा आजारी प्रवाळांतील मेद घटला होता, आणि त्यांच्यावर राहणाऱ्या खेकड्यांतीलही. त्या भागातील उवा बेटाजवळ पोसिलोपोराच्या दाट झाडोऱ्याने काही भरीव, जुन्या प्रवाळांना कड्यासारखे वेढलेले होते. आतल्या प्रवाळांपाशी स्वतःचे पहारेकरी नव्हते. पण बाहेरचे कडे ओलांडताना तारामाशांना खेकड्यांशी गाठ घालावी लागे, म्हणून ते सुरक्षित होते. कडे मेले, खेकडे उरले नाहीत, आणि तारामासे मेलेल्या फांद्यांवरून सरपटत आत शिरले.

सहकाऱ्याला आम्ही एवढीच हकिकत लिहून पाठविली. सुत्ताचा उल्लेख शेवटच्या ओळीत केला. दोन निळ्या खुणा उमटून आज चार दिवस झाले आहेत.