पिकअपच्या काट्यावर विसंबू नका, आकड्याचं गेज लावून घ्या



आज करप्याचा किंवा फवारणीचा सल्ला नाही. तो उद्या सकाळी नेहमीप्रमाणे येईल. आज पिकअपबद्दल लिहितोय. काहीजण म्हणतील, हा कृषी पदविकावाला, याला इंजिनातलं काय कळतंय? बरोबर आहे, मी मेकॅनिक नाही. पण मागच्या मे महिन्यात कंपनीची गाडी चंदनापुरी घाटात बंद पडली तेव्हा ड्रायव्हर काकांच्या शेजारी मीच बसलो होतो. मागे पंचाहत्तर क्रेट टोमॅटो, नारायणगावचा बाजार गाठायचा, आणि ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता.

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगतो. मी अधूनमधून टेंपरेचरच्या काट्याकडे बघत होतो. अर्धा घाट चढेपर्यंत काटा बरोबर मध्ये, रोजच्या जागी. मग दोन मिनिटांत तो थेट लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. हेड गॅस्केट गेलं होतं, हेडला फेसिंग करावं लागलं. बिल एकतीस हजार आणि गाडी आठवडाभर गॅरेजला. माल दुसऱ्या गाडीत भरून पोचवला, पण उशीर झाला तो झालाच. त्या दिवशी ज्यांचे क्रेट त्या गाडीत होते, त्यांना पट्टी किती कमी आली ते त्यांना माहीत आहे.

मेकॅनिकने नंतर समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बऱ्याच गाड्यांत तो काटा तापमान जसंच्या तसं दाखवत नाही. तापमान थोडं वरखाली झालं की गिऱ्हाईक उगाच घाबरतं, म्हणून काटा एका पट्ट्यात मध्येच धरून ठेवलेला असतो. इंजिन ८० अंशावर असो नाहीतर ९८ वर, काटा मध्येच. तो हलतो तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. ऑईलच्या लाल दिव्याचंही तसंच. तो साधारण अर्ध्या किलोच्याही खाली प्रेशर गेल्यावर लागतो. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ बेअरिंगला ऑईल जवळजवळ पोचतच नाहीये.

आता तुम्हीच सांगा, ड्रिपच्या फिल्टरला आपण गेज लावतो की नाही? फिल्टरच्या आधी एक, नंतर एक. दोन्हीत अर्धा किलोचा फरक दिसला की बॅकवॉश करतो. ड्रिपर चोक होऊन झाडं वाळेपर्यंत कोणी थांबत नाही. मग आठ-दहा लाखांच्या गाडीला, जिच्यावर अख्ख्या हंगामाचा माल जातो, तिला फक्त एक मध्यावर बसलेला काटा कसा चालतो? गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात साउंड सिस्टीम बसते, पुढे एलईडी पट्ट्या लागतात, काचेवर नाव येतं. त्याला माझी ना नाही, हौस असावी. पण त्याच पैशातून आधी दोन गेज लावून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोनच. एक पाण्याच्या तापमानाचं, एक ऑईल प्रेशरचं. एलईडी आणि साउंड बरंच लावलं असेल तर तिसरं व्होल्टचं. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साडेबाराच्या आसपास दाखवते, चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा. चालू गाडीत तेराच्या खाली राहायला लागलं तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. टर्बो बूस्टचं आणि सायलेन्सरच्या गॅसच्या तापमानाचं गेजही मिळतं. ते इंजिनची ताकद वाढवून घेणाऱ्यांसाठी. आपल्याला टोमॅटो आणि कांदा न्यायचाय.

आम्ही गाडी दुरुस्त झाल्यावर तापमान आणि ऑईलचं गेज बसवलं. सेन्सर, वायर, मजुरी धरून साडेचार हजार गेले. पहिले पंधरा दिवस काकांना फक्त आकडे वहीत लिहायला सांगितले. रिकामी गाडी सपाटीला ८४, भरलेली ८७, घाटात ९३. ऑईल गरम इंजिनला मोकळ्या स्पीडवर एक-सव्वा किलो, चालताना साडेतीन. हे आमच्या गाडीचे आकडे, तुमच्या गाडीचे वेगळे येतील. खरा उपयोग या वहीचा आहे. माती परीक्षणाचा पहिला रिपोर्ट हाताशी असला की दुसऱ्यात काय बदललं ते कळतं, तसंच हे.

ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला. म्हणाले, "साहेब, तोच घाट, तेवढाच माल, आणि आज ९९ दाखवतंय." डॅशबोर्डचा काटा तेव्हाही मध्येच होता. गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, हळूहळू बाजार गाठला. परत आल्यावर बघितलं तर रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि गवताचं बी गच्च बसलेलं. हलक्या पाण्याने मागून पुढे धुतलं, खर्च शून्य.

बसवताना आम्ही जिथे अडखळलो ते सांगतो, म्हणजे तुम्ही अडखळणार नाही.

ऑईलचं गेज इलेक्ट्रिक सेन्सरचंच घ्या. स्वस्तातल्या काही गेजमध्ये बारीक नळीतून ऑईल थेट केबिनमध्ये आणतात. ती नळी फुटली तर तापलेलं ऑईल पायावर. सेन्सरचे आटे इंजिनच्या आट्यांशी जुळतात का ते आधी बघा, दिसायला सारखे पण वेगळ्या मापाचे असतात. जबरदस्तीने आवळलं तर इंजिनचा ब्लॉक खराब होतो. मूळ दिव्याचा सेन्सर काढून टाकू नका, टी जोडून दोन्ही ठेवा. आणि आट्यांना टेफ्लॉन टेप नळाच्या फिटिंगसारखी गुंडाळू नका. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, टेपमुळे ते तुटतं आणि गेज भलतंच दाखवतं. आमचं दोन दिवस तेच चाललं होतं.

तापमानाचा सेन्सर रेडिएटरच्या पाइपमध्ये जोड टाकून बसवला तर त्या जोडाला वेगळी अर्थिंगची वायर लागते, कारण दोन्हीकडे रबर आहे. शिवाय थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथे आकडा कमीच दिसणार. हेडवर जागा असेल तर तिथे बसवलेला बरा. वायर फ्यूज टाकूनच घ्या, आणि सायलेन्सरपासून लांब.

गाडी बीएस-६ असेल, म्हणजे साधारण एप्रिल २०२० नंतरची, तर मूळ सेन्सरची वायर कापून त्यातून गेज चालवू देऊ नका. ती वायर गाडीच्या कॉम्प्युटरला जाते, आकडा चुकला की इंजिन बिघडल्यासारखं वागतं. वॉरंटीचा वाद होतो तो वेगळा. अशा गाडीला स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. त्यात बसणारा छोटा स्कॅनर मोबाइलवर तापमान आणि व्होल्ट आकड्यात दाखवतो. ऑईल प्रेशर मात्र त्यात बहुतेक वेळा मिळत नाही. मोबाइल स्टँडवर लावा, हातात धरून चालवायचं नाही.

एक गोष्ट गेजही सांगणार नाही. पाणी पूर्ण निघून गेलं की सेन्सर हवेत लटकतो आणि आकडा उलट खाली येतो. वर चढलेला आकडा घाटात अचानक पडला तर "थंड झालं" म्हणून खुश होऊ नका, लगेच गाडी बंद करा. ऑईलचा आकडा शून्याकडे गेला तरी तेच. नुसतं तापमान चढत असेल आणि पाणी असेल, तर एसी बंद, हीटर फुल, खालचा गिअर. तरी उतरलं नाही तर बाजूला घेऊन थोडा वेळ मोकळ्या स्पीडवर चालू ठेवा. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना कोणीही उघडायचं नाही, पाणी तोंडावर उसळतं.

आणि आता माझी चूक. मे महिन्यात तो रेडिएटर उघडला तेव्हा आत पांढरा थर होता. संकलन केंद्राच्या बोअरचं पाणी दोन वर्षं त्यात ओतलं जात होतं. त्याच बोअरच्या पाण्याने ड्रिपर क्षाराने बंद होतात म्हणून मी तुम्हाला दर हंगामात मेसेज टाकतो, आणि गाडीचं माझ्या डोक्यातही आलं नाही. रेडिएटरला कूलंटच टाका, पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटरने. ड्रिपसारखं ॲसिड मात्र त्यात अजिबात नको, ॲल्युमिनियम खाऊन टाकेल.

ज्यांना बसवलेलं गेज आणि आकड्यांची वही बघायची आहे त्यांनी दुपारी तीननंतर संकलन केंद्रावर या. सकाळी काट्यावर माल असताना काकांना त्रास देऊ नका. प्रश्न मात्र त्यांनाच विचारा, आकडे आता त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.