चहाच्या मळ्यात शाळा, मग उसाच्या फडात का नाही?



सोयाबीनची रास झाली, हरभऱ्यासाठी रान तयार करणं चालू आहे. दुपारी बांधावर चहा घेत बसलो होतो तर पुतण्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. एक पेयाची कंपनी चहाच्या मळेवाल्यांना जमीन राखून शेती करायला मदत करते आणि त्यांच्या लेकरांना शाळा काढून देते. हिरवेगार मळे, गणवेशातली पोरं, सगळं छान. पुतण्या म्हणाला, "काका, असं आपल्याकडं कधी होईल?"

मी कपाकडं बघितलं. चहात पत्ती असते एक चमचा अन् साखर दोन चमचे. पत्ती आसामची, पण साखर तर आपल्याच महाराष्ट्राची. मग पत्ती खुडणाराच्या लेकराला शाळा आणि ऊस तोडणाराच्या लेकराला काय?

चांगल्या कामाला नावं ठेवायची नाहीत. पण चहाच्या मळ्यातली शाळा ही नुसती कंपनीची मेहेरबानी नाही, हे ध्यानात घ्या. 1951 साली मळे कामगारांचा कायदा झाला. मळ्यात कामगारांची 6 ते 12 वयाची 25 पेक्षा जास्त लेकरं असली तर मालकानं त्यांच्या शिक्षणाची सोय करावी, असा नियम सरकारला करता येईल असं त्यात लिहिलं. 50 बाया कामाला असल्या तर पाळणाघर, असंही त्यात होतं. तो कायदा मळ्यात किती पाळला गेला हा प्रश्न तिथंही आहे. पण निदान बोट दाखवायला कागद तरी आहे.

ऊसतोडवाल्याला तसा कागद नाही. तो कारखान्याचा कामगार नाही आणि शेतकऱ्याचाही नाही. मुकादमाकडून उचल घेतलेला तो एक 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरू त्या हिशोबात कुठंच नाही. पण फडात ते असतंच. वाढे गोळा करतं, मोळी बांधतं, धाकटं भावंड सांभाळतं.

आपल्या कंधार, मुखेड, लोहा भागातले तांडे दिवाळी झाली की रिकामे होतात. म्हातारी माणसं अन् कुत्री तेवढी मागं राहतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, लेकरांचं निम्मं वर्ष कोपीवर जातं. परत आल्यावर शाळा त्याला वरच्या वर्गात ढकलते, पण त्याला वाचता येत नाही. दोन-तीन वर्षांनी ते स्वतःच शाळेचं नाव काढत नाही. पोरगी असली तर लग्नाचं बघतात, कारण तिला फडात एकटी ठेवायची भीती आणि लग्न झालं की नवा कोयता तयार.

मार्च 2024 मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क टाइम्सनं हेच छापलं. महाराष्ट्रातली साखर कोका-कोला, पेप्सीसारख्या कंपन्यांना जाते आणि त्याच उसामागं कर्ज, बालविवाह आणि बायांच्या काढलेल्या गर्भपिशव्या आहेत, असं. आपल्याला हे नवं नव्हतं. नवं एवढंच, की बाटलीपासून फडापर्यंतची वाट कुणीतरी चालून दाखवली.

आता माझा दहावीचा हिशोब बघा. 300 मिलीच्या गोड बाटलीत साधारण 30 ग्रॅम साखर. एक टन उसाला 10 टक्के उतारा धरला तर 100 किलो साखर. म्हणजे एका टनात तीन हजारांवर बाटल्या. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यानं टनामागं 10 रुपये द्यायचे ठरलं, तेवढेच सरकारनं टाकायचे. बाटलीवर वाटले तर हे दोन्ही मिळून एक पैसासुद्धा होत नाहीत. कंपनीनं बाटलीमागं फक्त एक पैसा टाकला तर टनाला 33 रुपये होतात, कारखान्याच्या तिप्पट. एका पैशानं कुणाची बाटली महाग होणार नाही.

कुणी म्हणेल, आईबापच लेकराला नेतात, कंपनी काय करणार? अहो, घरी चूल पेटवायला कुणी नसलं तर लेकरू ठेवायचं कुणाजवळ? गावात हंगामी वसतिगृह वेळेवर चालू झालं, दोन वेळचं जेवण मिळालं, तर आई लेकराला मागं ठेवते. संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोडवाल्यांच्या लेकरांसाठी तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहाची योजनाही आहे. पण टोळी दिवाळीला गेली आणि मंजुरी संक्रांतीला आली तर त्या वसतिगृहाचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट. या कंपन्यांनी आपली साखरच घेऊ नये असं मी म्हणणार नाही. त्यात ऊसवाला शेतकरी मरेल आणि कोयत्याचा रोजगारही जाईल. त्यांनी इथंच राहावं, साखर घ्यावी, पण कारखान्याला विचारावं की तुमच्या फडात लेकरं किती आणि त्यातली शाळेत किती.

आणि आपण? मागच्या हंगामात माझ्या एकरभर उसाला टोळी आली. मी चहा दिला, खुशाली दिली, खेप कधी भरती ते दहादा विचारलं. दहा-अकरा वर्षांची एक पोरगी मोळ्या वाहत होती. ती कितवीला आहे, हे मी एकदाही विचारलं नाही. ऊस लवकर जावा एवढीच माझी घाई. त्यामुळं नुसतं कंपनीकडं बोट दाखवायला मला तोंड नाही.

भाई केशवराव धोंडगे यांनी कंधारात संस्था काढली तिच्या नावातच 'मोफत' शब्द घातला. त्या गावचे आपण. तेव्हा एवढं करा. टोळ्या जायच्या आत तांड्यावर जाऊन जाणाऱ्या लेकरांची नावं लिहा, शाळा व्यवस्थापन समितीत ठेवा, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव या आठवड्यातच पाठवा. आमच्या तांड्याची यादी मी उद्या सकाळी करायला घेतोय. तुमच्या गावची झाली की खाली लिहा.

राम राम.